सांगलीहून मोटारींचं संग्रहालय बघायला जाताना

माझे मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते निवृत्त झाल्यावर त्यांना घेऊन मी श्रीरंगपट्टणजवळचं ‘पयण’ हे मोटारींचं संग्रहालय बघायला गेलो. आत शिरल्या शिरल्या माझे पाय वळले ते सगळ्यात चकचकीत गाडीकडं. मामा मात्र एका जुन्या उघड्या गाडीपाशी उकिडवे बसले आणि तिच्या पोटाखाली बघत राहिले. मी म्हटलं, “मामा, चला की पुढं, अजून लई गाड्या आहेत.” ते म्हणाले, “थांब जरा. हिचे पाटे बघू दे.” पाटे म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. त्या एका गाडीपाशी आमची वीसेक मिनिटं गेली. पण त्या वेळात त्यांनी जे दाखवलं, ते पुढच्या प्रत्येक गाडीला उपयोगी पडलं. गाडी खालून वर बघत यायची, रंग आणि चमक सगळ्यात शेवटी.

सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्याकडून अशा सहलीला निघणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय. एवढ्या लांब जायचं आणि बोनेटला टेकल्यासारखे फोटो काढून तासाभरात बाहेर पडायचं, हे मला फार वाईट वाटतं.

कुठं जायचं

आपल्याकडून सोयीचं म्हणजे ‘पयण’. बेंगळुरू–म्हैसूर रस्त्यावर, श्रीरंगपट्टणच्या जवळ. धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेग्गडे यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या जुन्या गाड्या इथं आहेत. कन्नडमध्ये पयण म्हणजे प्रवास, आपलं ‘प्रयाण’ तेच. सांगली-मिरजेकडची बरीच जैन कुटुंबं श्रवणबेळगोळ आणि धर्मस्थळाच्या यात्रेला जातच असतात. श्रवणबेळगोळहून श्रीरंगपट्टण दीड-दोन तासांवर आहे, तेव्हा वेगळी सहल आखायची गरजही नाही, यात्रेत एक दिवस वाढवला की झालं. खुद्द धर्मस्थळालाही गाड्यांचा संग्रह आहे.

रेल्वेनं जायचं तर मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस धरावी, दुसऱ्या दिवशी बेंगळुरू. तिथून म्हैसूरकडं जाणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. स्वतःच्या गाडीनं बेळगाव–हुबळी–तुमकूर मार्गे सहाशे किलोमीटरच्या वर अंतर पडतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर एका दमात जाऊ नका, हुबळी किंवा दावणगेरेला मुक्काम करा. दमलेला माणूस संग्रहालयात खुर्ची शोधतो, गाडी बघत नाही.

दुसरा पर्याय कोइमतूरचा. तिथं अविनाशी रोडवर जी. डी. नायडू यांच्या कुटुंबीयांनी २०१५ साली गाड्यांचं संग्रहालय सुरू केलं. नायडूंनी १९२० साली पोल्लाची ते पळनी अशी एकच बस चालवून धंदा सुरू केला आणि पुढं मोठी बस कंपनी उभी केली. शेजारीच त्यांच्या यंत्रांचं आणि शोधांचं प्रदर्शन आहे. ज्याला इंजिनात रस आहे त्यानं इथं जावं. तिसरा पर्याय अहमदाबादजवळ कठवाड्याला, प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह. शंभरावर वाहनं, त्यात राजेरजवाड्यांच्या गाड्या पुष्कळ. कोल्हापूर–अहमदाबाद ही आठवड्यातून एकदा सुटणारी गाडी आपल्याच मिरज-सांगली-साताऱ्यावरून जाते. शाही थाट बघायचा असेल तर अहमदाबाद, सगळ्या घराला घेऊन जायचं असेल तर श्रीरंगपट्टण, असं माझं मत.

निघण्याआधी घरी

आधी घरातली किंवा शेजारची जुनी स्कूटर नीट बघून घ्या. प्रिया मिळाली तर उत्तमच. ही स्कूटर साताऱ्याची. महाराष्ट्र स्कूटर्स हा कारखाना १९७५ साली बजाज ऑटो आणि सरकारी महामंडळ यांनी मिळून काढला आणि साताऱ्यात प्रिया बनू लागली. तिचा मूळ नमुना इटलीच्या वेस्पाचा. वेस्पा १९४६ साली कोरादिनो द’आस्कानियो यांनी आखली, आणि ते होते विमानांचे इंजिनिअर. म्हणून पुढचं चाक एकाच बाजूनं धरलेलं आहे, विमानाच्या चाकासारखं. पंक्चर झालं की चाक बाजूनं सरळ निघतं. आता स्कूटरची चासी शोधा. वेगळी सापडणारच नाही. दाबून वळवलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. याच्या उलट ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा उसाचा ट्रक बघा: खाली लोखंडी चासी, वर हौदा, दोन्ही वेगळे.

मोटारीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल या दोन नमुन्यांत आहे. सुरुवातीची कित्येक वर्षं कंपनी फक्त चासी, इंजिन आणि चाकं विकायची. गिऱ्हाईक ती चासी बॉडी बांधणाऱ्याकडं न्यायचं आणि हवी तशी बॉडी बांधून घ्यायचं. हे काही आपल्याला परकं नाही. एसटीच्या गाड्या अशाच बनत आल्या, चासी कंपनीची आणि बॉडी दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या एसटी कार्यशाळांत बांधलेली. संग्रहालयात एकाच कंपनीच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात आणि तोंडावळा मात्र अजिबात जुळत नाही. त्याचं कारण बहुतेक वेळा बॉडी बांधणारा वेगळा. दाराच्या उंबऱ्यापाशी त्याची छोटी पितळी पट्टी असते, ती शोधायची.

मुलं बरोबर असतील तर निघण्याच्या आदल्या रात्री त्यांना इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची गोष्ट सांगा. १९४९ साली त्यांनी ‘मीरा’ नावाच्या छोट्या गाडीचा पहिला नमुना तयार केला, पुढं अनेक वर्षं तो सुधारत राहिले. ती बाजारात कधीच आली नाही. सांगलीपासून तासाभराच्या गावात एक माणूस सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी बनवत होता, हे मुलांना कळलं की परदेशी गाड्यांसमोर ती बुजत नाहीत.

दिवस, वेळ, सामान

शनिवार-रविवार आणि शाळांच्या सहलींचा हंगाम टाळा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. निघण्याआधी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: सुट्टीचा वार, तिकीट, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे आणि चाकाची खुर्ची मिळते का. उघडायच्या वेळेलाच पोचा. सकाळी उजेड तिरका असतो, त्यात पत्र्याचे वळसे उठून दिसतात. कमीत कमी तीन तास हाताशी ठेवा. पायात मऊ चपला-बूट, खिशात छोटी वही आणि पेन. मोबाइलची टॉर्च असतेच, पण गाडीखाली उजेड टाकायचा झाला तर तिथल्या माणसाला विचारून टाका. आम्ही विचारलं तर तो स्वतःच उत्साहानं दाखवायला लागला.

पहिली फेरी हात मागं बांधून

आत गेल्यावर आधी सगळं दालन भरभर फिरून या. फोटो नको, पाट्या वाचणं नको. वीस मिनिटांत शेवटपर्यंत. फिरता फिरता ज्या गाडीपाशी पाय अडखळले तिचं नाव वहीत लिहा. अशा पाच गाड्या झाल्या की बास. त्यातली एक सगळ्यात जुनी, एक भारतात बनलेली आणि एक तुम्हाला कुरूप वाटलेली असावी. कुरूप गाडी मुद्दाम घ्यायची, कारण ती तशी का झाली हे शोधताना फार कळतं.

हात मागं बांधायचं कारण सांगतो. आपल्या घामात मीठ असतं, निकेलच्या मुलाम्यावर आणि जुन्या रंगावर बोटाचे डाग बसतात आणि ते खातात. पोराला नुसतं “हात लावू नको” म्हणू नका, हे कारण सांगा, लगेच ऐकतं.

एक गाडी, खालून वर

आता निवडलेल्या पहिल्या गाडीपाशी या आणि गुडघे चालत असतील तर उकिडवे बसा.

चाकं आधी. लाकडी आऱ्यांची, उंच आणि अरुंद चाकं असतील तर गाडी घोडागाडीच्या जवळच्या काळातली. रस्ते खड्ड्यांचे आणि चिखलाचे, म्हणून पोट उंच हवं, म्हणून चाक मोठं. पुढं रस्ते सुधारले, टायर रुंद झाले, गाडी जमिनीकडं उतरली. चाकाच्या आत ब्रेक शोधा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत. मामांनी हे बघितलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग पाटे. ट्रकला असतात तेच कमानपाटे, एकावर एक रचलेले. किती आहेत ते मोजा, चासीला कुठं बांधलेत ते बघा. पुढच्या चाकांना सलग आस आहे की प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं, एवढं ओळखता आलं तरी गाडी खड्ड्यातून कशी गेली असेल ते डोळ्यांपुढं येतं.

समोर नाकाखाली भोक दिसलं तर ते हँडलचं. आपल्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. साताऱ्याच्या कूपरचं किंवा किर्लोस्करचं डिझेल इंजिन विहिरीवर हँडल मारून सुरू केलेली माणसं अजून घरोघरी आहेत. मामांनी मुलांना हवेतच दाखवलं: अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलभोवती वळवायचा नाही, नाहीतर इंजिननं उलटा झटका दिला की अंगठा जातो. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हळूहळू हे भोक नाहीसं झालं. ताकद लागेनाशी झाली तसा गाडी एकट्यानं चालवणाऱ्या बायकांचा आकडाही वाढला.

दिवे बघा. पितळेचे मोठे दिवे आणि बाजूला छोटी टाकी असेल तर ते कार्बाइडचे. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडून गॅस होतो, तो जळतो. आंबे पिकवण्यामुळं बदनाम झालेलं कार्बाइड तेच.

आता बॉडी. उघड्या दाराच्या कडेला लाकूड दिसतंय का? जुन्या बॉड्यांचा सांगाडा लाकडी आणि वर पत्रा ठोकलेला. त्यामुळं आकार बहुतेक सपाट किंवा एकाच बाजूला वळलेले. मोठे प्रेस आले, पत्रा साच्यात दाबून हवा तसा गोल करता येऊ लागला आणि तीसच्या दशकात गाड्या फुगीर झाल्या. टपाकडं नक्की बघा. १९३०च्या सुमारापर्यंतच्या बंद गाड्यांच्या टपाच्या मधोमध कापडाचा किंवा रेक्झिनसारखा तुकडा असतो. तेवढा रुंद पत्रा तेव्हा मिळत नव्हता. जनरल मोटर्सनं १९३५च्या मॉडेल्सना सलग पत्र्याचा टप दिला. मला ही माहिती आधी नव्हती. टपाचा तो तुकडा दुरुस्तीत टाकलेला असेल असंच वाटलं होतं.

चासी गेली आणि पत्राच सांगाडा झाला, ती पायरी १९२२च्या लान्सिया लाम्ब्डापासून धरतात. १९३४च्या सिट्रोएन ट्रॅक्सियाँ आव्हाँनं ती पोलादी बॉडीसह मोठ्या संख्येनं रस्त्यावर आणली. घरी प्रिया बघून आला असाल तर इथं लगेच उजेड पडतो. अशा गाड्या बसक्या असतात आणि पाय ठेवायला बाहेर फूटबोर्ड लागत नाही.

रंग सगळ्यात शेवटी. १९२४च्या ओकलंड गाड्यांना ड्युपाँट कंपनीचा ‘ड्यूको’ रंग लावला गेला. त्याआधी व्हार्निशचे थर वाळायला आठवडे लागत. आपल्याकडं फर्निचरवाले अजूनही “ड्यूको मारून देतो” म्हणतात, तो शब्द इथून आला. गाडीवरचा रंग आरशासारखा असेल तर तो बहुधा नव्यानं केलेला, लांबी (पुट्टी) भरून. थोडा विरलेला, बारीक तडे गेलेला मूळ रंग दिसला तर तिथं जास्त वेळ थांबा. तसा पुन्हा करता येत नाही.

काही टप्पे, जे ओळखीचे असावेत

कार्ल बेंझ यांची तीनचाकी, एका सिलिंडरची गाडी: २९ जानेवारी १८८६चा पेटंट अर्ज, ९५४ सीसी, एक अश्वशक्तीही पुरती नाही. तिच्या प्रतिकृती अनेक संग्रहालयांत असतात. तिच्यासमोर मुलांना बर्था बेंझ यांची हकिगत सांगा. ऑगस्ट १८८८मध्ये त्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या, शंभराहून जरा जास्त किलोमीटर, म्हणजे आपलं सातारा ते पुणे. वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली, झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून कातडं लावून घेतलं. चढावर पोरांनी गाडी ढकलली. त्या चढांच्या अनुभवातूनच पुढं गाडीला चढासाठी जास्तीचा गिअर आला.

फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७, दीड कोटीहून जास्त) दिसली तर वाकून पायाशी बघा. तीन पॅडल आहेत, पण आपल्यासारखी नाहीत. डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. रेस स्टेअरिंगखालच्या दांडीला. पेट्रोल वरून खाली आपोआप उतरायचं, पंप नाही. त्यामुळं टाकीत पेट्रोल कमी आणि चढ खडा असला की इंजिनाला ते पोचायचं नाही, आणि लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. खंबाटकी घाट उलटा चढायचा, अशी कल्पना करा. १९१३मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली आणि साडेबारा तासांत होणारी चासी पुढं ९३ मिनिटांत होऊ लागली.

तीसच्या दशकातल्या गाडीचं नाक उतरतं आणि मागचा भाग लांब निमुळता असेल तर ती वाऱ्याचा विचार करून आखलेली. क्रायस्लर एअरफ्लो, १९३४ची. गिऱ्हाइकांनी तिला नाकारलं. तुमच्या वहीतली कुरूप गाडी अशीच कुठली निघेल.

‘डिझाइन’ हे वेगळं खातं झालं ते १९२७मध्ये, जनरल मोटर्सनं हार्ली अर्ल यांच्याकडं ते सोपवल्यावर. मातीचे पूर्ण आकाराचे नमुने करून आकार ठरवायची पद्धत त्यांनी रुजवली. गणपतीच्या कारखान्यात शाडूचं काम बघितलेल्याला यातली गंमत लगेच कळेल: बोटानं दाबून वळण थोडं कमी-जास्त करता येतं, कागदावरच्या रेषेला ते जमत नाही. १९४८च्या कॅडिलॅकच्या मागं विमानाच्या शेपटासारखे छोटे पंख आले आणि १९५९पर्यंत ते कमरेएवढे उंच झाले. मला ते पंख आवडत नाहीत, पण बाजूनं वाकून बघितलं की पत्रा किती सफाईनं वळवलाय हे मानावं लागतं.

आणि १९५९चीच ब्रिटिश मिनी. ॲलेक इस्सिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, चाकं दहा इंची केली आणि जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार माणसं बसवली. १९८३च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आलेली आपली मारुती ८००, आडव्या इंजिनाची आणि पुढच्या चाकांना ओढ देणारी, त्याच मांडणीची.

आपल्या गाड्या

भारतीय गाड्यांपाशी लोक “ही आपल्याकडं होती” म्हणून पुढं सरकतात. सरकू नका. पद्मिनी दिसली तर सांगलीकरांनी जरा थांबावंच. आपण तिला कायम फियाटच म्हणत आलो, कारण मुळात ती फियाट ११००. बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये काढली. त्यांचं नाव आपल्या विश्रामबागच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. गिअरची दांडी स्टेअरिंगला का, तर पुढं सलग बाकडं, तिघं बसायला मोकळी जागा. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३मध्ये रस्त्यावरून गेली.

ॲम्बेसेडरजवळ मागचं दार उघडं असेल तर सीटची उंची बघा. धोतर-लुगड्यातल्या माणसालाही वाकून, अंग चोरून बसावं लागत नाही. मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची ही गाडी उत्तरपाड्यात २०१४पर्यंत बनत राहिली. टॅक्सी, सरकारी कचेरी, लग्नाची वरात, सगळीकडं टिकली त्याला तो उंच टप आणि खेड्यातल्या मेकॅनिकलाही उलगडणारं इंजिन कारण आहे.

फोटो आणि बरोबरची माणसं

उभ्यानं काढलेल्या फोटोत गाडी खेळण्यासारखी दिसते. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणा. दोन पावलं मागं जा, झूम करा, आकार खरा येतो. फ्लॅश बंद. प्रत्येक गाडीचा एक पूर्ण फोटो, एक माहितीच्या पाटीचा आणि तीन बारीक तपशिलांचे: बोनेटवरची मूर्ती, दाराची कडी, डॅशबोर्डवरच्या घड्याळांची पट्टी.

लहान मुलांना एकच काम द्या. मागून बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी दारं मोजायला सांगा. थोड्या मोठ्या मुलांनी बोनेटवरची एक मूर्ती वहीत काढावी. रोल्स-रॉइसची पंख पसरलेली बाई १९११ची, चार्ल्स साइक्स या शिल्पकाराची, ती काढायला अवघड आहे पण पोरं रमतात.

घरात कोणी ड्रायव्हर, मेकॅनिक, पत्र्याचं काम करणारा, सीटकव्हर शिवणारा असेल तर त्यालाच न्या आणि त्यालाच बोलू द्या. आमच्या मामांना इंग्रजी पाट्या वाचता येत नव्हत्या. मी पाटी वाचायचो, ते गाडी समजावायचे. दुपारनंतर आमच्या मागं दोन कॉलेजची मुलं ऐकत फिरत होती.

परतताना

संध्याकाळी वेळ उरला तर म्हैसूरचं रेल्वे संग्रहालय बघा, श्रीरंगपट्टणहून अर्ध्या तासावर, १९७९पासूनचं. राजघराण्याचा सलूनचा डबा तिथं आहे. बॉडी बांधणाऱ्यांची लाकडावरची कारागिरी मोटारीत बघून आल्यावर तो डबा वेगळाच दिसतो. दुसऱ्या मोठ्या संग्रहालयाची त्याच दिवशी घाई नको.

आणि मुक्कामाच्या ठिकाणी जेवणं झाली की बरोबरच्या जाणत्या माणसासमोर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि दिवसभराचे फोटो एकेक करून दाखवा. आम्ही म्हैसूरच्या लॉजवर तेच केलं. मामा सुरू झाले ते मॉडेल टीच्या पॅडलपासून आणि पोचले डेपोतल्या पहिल्या रात्रपाळीला. सव्वा तासाचं रेकॉर्डिंग झालं. त्यात मध्ये एकदा ते मला विचारतात, “त्या पहिल्या गाडीचे पाटे किती होते रे?” वहीत लिहिलेलं होतं. सात.